वेंडेलची घंटा

आमच्या टोलीडो शहराच्या फुटबॉल मैदानात गोलच्या जाळ्यामागे रेल्वे इंजिनाची जुनी घंटा टांगलेली आहे. जो गोल करेल त्याने धावत जाऊन ती वाजवायची. माझा मुलगा वेंडेल बचावपटू. चौदा वर्षांत त्याने दोनदा नाक फोडून घेतलं, शेकडो गोल अडवले, पण स्वतः एकही केला नाही, त्यामुळे घंटेला काही त्याचा हात लागला नाही.

शनिवारी त्याचा शेवटचा सामना होता. नवऱ्याने, रॉयने, माझ्या मांडीवर नाचोजचा भलाथोरला ट्रे ठेवला.

"डोरीन, आज तोंडात हे असू दे. निदान आज तरी ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडते?"

मागची अख्खी रांग खो खो हसली.

शेवटच्या मिनिटाला आमच्या एकाचा फटका समोरच्यांच्या गोलकीपरने झेप घेऊन अडवला, आणि चेंडू घरंगळत थेट वेंडेलच्या पायाशी! समोर जाळं सताड उघडं. मी नाचोज उधळत उभी राहिले आणि तो सहा वर्षांचा असल्यापासून चेंडू जवळ आला की जे ओरडत आलेय, तेच बेंबीच्या देठापासून ओरडले,

"बाहेर मार, बाळा!"

आईचा शब्द त्याने कधी मोडलेला नाही. डोळे मिटून त्याने चेंडू जाळ्याच्या वरून पार भिरकावला. रॉयने कपाळावर हात मारला.

आणि ठण्ण! चौदा वर्षांत ती घंटा इतक्या जोरात कुणीच वाजवली नव्हती.