पंधरावा मार्क

पुन्हा चौदाच मार्क पडले आणि मुलीने फोन टेबलावर जवळजवळ आपटला.

"बाबा, गरम पाइपाला आवरण का घालायचं, हे काल तुम्हीच मला हातवारे करून समजावलंत. आणि आज उत्तर काय दिलंत? पाइप सुंदर दिसावा म्हणून!"

"घाईत बोट चुकलं," बाबा म्हणाले. "तू चहा टाकायला उठलीस आणि मी गडबडलो."

बोट रोजच चुकत होतं. ऊर्जाबचत आणि सौरऊर्जेचं हे प्रशिक्षण ऑनलाइन होतं, फुकट होतं आणि कोणालाही खुलं होतं. घरबसल्या व्हिडिओ बघायचे, मग वीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. पंधरा मार्क मिळाले की सर्टिफिकेट. परीक्षा दिवसातून एकदाच, पण पास होईपर्यंत कितीही दिवस देता येत होती. फुकट आहे म्हणून माणसाने ती किती वेळा द्यावी, याला काही मर्यादा?

बाबा एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळत. एका पाळीला ते, दुसऱ्या पाळीला त्यांचा जोडीदार. दुसरा आल्याशिवाय पहिल्याने बॉयलर सोडायचा नाही, हा नियम दोघांनी बावीस वर्षं पाळला होता. एकाला उशीर झाला तर दुसरा निमूट थांबे आणि कधी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

आता बॉयलर मोडीत निघणार होता. छतावर पाणी तापवायची सौरयंत्रणा बसत होती आणि तिला माणूस एकच पुरणार होता. साहेबांनी दोघांना बोलावून सांगून टाकलं, महिनाअखेरीला संध्याकाळी पाचच्या आत जो आधी सर्टिफिकेट आणेल, त्याची नोकरी राहील. कोणीच नाही आणलं तर बाहेरचा माणूस घेऊ.

त्याच दिवशी दोघांनी ठरवलं की या परीक्षेबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. उगाच मन कडू व्हायला नको.

मुलगी शाळेत गणित शिकवायची. चाळीस मुलांच्या गळी तिने अपूर्णांक उतरवले होते, पण घरच्या विद्यार्थ्यापुढे तिने हात टेकले. तिचं लग्न ठरलं होतं. बाबांची नोकरी पक्की झाल्याशिवाय तारीख काढायची नाही, असं तिने सासरी स्पष्ट सांगितलं होतं. पन्नाशी उलटलेल्या बॉयलरवाल्याला दुसरं कोण दारात उभं करणार, या विचाराने तिला झोप येत नव्हती. बाबा मात्र जेवून खुशाल घोरायचे, आणि त्याचा तिला अधिकच संताप यायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती शाळेत चाचणीचे पेपर तपासत होती. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला आज सहा मार्क होते. मागच्या वेळी नऊ होते, त्याआधी चार. ज्याला येत नाही त्याचे मार्क असे वरखाली होतात. रोज बरोबर चौदाच मिळवायचे, तर माणसाला विसातली वीस उत्तरं यावी लागतात.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक घर गाठलं.

"बाबा, फोन घ्या. माझ्यासमोर परीक्षा द्या."

"सकाळीच दिली."

"किती?"

बाबा फडकं उचलून पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले.

"मुद्दाम करता ना हे?" तिचा आवाज फाटला. "महिनाभर मी घसा कोरडा करतेय आणि तुम्ही मला खेळवताय!"

"त्याच्या दोन्ही मुली अजून शाळेत आहेत गं," बाबा हळूच म्हणाले. "तू तुझ्या पायावर उभी आहेस. मी कुठे तरी पंप दुरुस्त करेन, काहीही करेन. मी पास झालो असतो तर तो घरी बसला असता. बावीस वर्षं बरोबर काढलेल्या माणसाला घरी बसवून मी कुठल्या तोंडाने कामावर जाऊ?"

"मला विचारायचंत तरी!"

"विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

नसतंच करू दिलं. ती मोरीत जाऊन रडली, मग तोंड धुऊन आली. संध्याकाळ होत आली तरी राग ओसरला नव्हता, पण बापाकडे बघताना तिला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाचाही राग येत होता.

"चल," बाबांनी इस्त्रीचा सदरा चढवला. "पाच वाजत आलेत. त्याला भेटून येऊ. आपण नाराज आहोत असं त्याला वाटायला नको."

लाँड्रीच्या आवारात दोघं पोहोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. ऑफिसबाहेरच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ फाइल मांडीवर घेऊन बसले होते. साहेबांनी दार उघडून त्यांना आत घेतलं. जोडीदार आणि त्याची बायको फाटकाशीच उभे होते, दोघंही धुतल्या कपड्यांत. बाबांना पाहताच जोडीदार हसत पुढे आला आणि बाबांनी त्याला मिठी मारली.

मुलीने मनावर दगड ठेवला आणि काकूंचे हात हातात घेतले.

"काकू, अभिनंदन. काकांची नोकरी राहिली, बरं वाटलं."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या.

"आमचं कसलं अभिनंदन? अगं, तुझं लग्न तोंडावर आलंय, नोकरी तुझ्या बाबांना राहू दे, म्हणून आमचे हे महिनाभर मुद्दाम नापास होताहेत!"