आधी दिसेल त्यानं

अहिल्याबाई साठीला टेकल्यावर गाडी शिकल्या आणि लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच रविवारी नवऱ्याला शेजारी बसवून त्यांनी डहाणूहून बोर्डीचा समुद्रकाठचा रस्ता धरला. मोहनरावांनी उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवलेलं, त्यामुळे नियम इंजिनातला. सिग्नल ज्याला आधी दिसेल त्यानं मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा.

"अहो, पुढे वळण."

"वळण. जरा जोरात सांग, इंजिनात असं पुटपुटत नाहीत."

"रस्त्यात म्हैस!"

"म्हैस."

"डावीकडे समुद्र. भरती आहे."

"समुद्र. भरती."

मग चिकूच्या वाड्या लागल्या त्या संपेचनात. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तशा बाई गप्प झाल्या. मोहनरावांनी काच खाली केली आणि वाऱ्याकडे कान लावला.

"सुरूचं बन," ते म्हणाले.

बाईंनी वळण घेतलं. समोर किनाऱ्यावर सुरूची झाडं वाऱ्यानं सूं सूं करत उभी होती.

"सुरूचं बन," बाईंनी नियमाप्रमाणे परत म्हटलं.

डोळे गेल्यापासून मोहनराव आज पहिल्यांदा आधी बोलले होते.