शिंप्याचं माप

बायको गेल्यापासून म्हाताऱ्या शिंप्याच्या घरात जिवंत असं दुसरं कोणी होतं, तर तिने बोटाएवढा असल्यापासून वाढवलेला कॅटफिश. "बाबा, आईच्या माशाला सोबती आणा, एकटा खंगेल तो," लेकीने फोनवर टुमणंच लावलं. माशांच्या दुकानदाराने बजावलं, "काका, कॅटफिश शिकारी असतो. तोंडात मावेल ते गिळणार. मोठाच न्या." शिंप्याने गळ्यातली टेप काचेला लावून चांगला वीतभर लांब, सडसडीत, काटेरी पंखांचा मासा निवडला आणि हौसेने टाकीत सोडला. सकाळी कॅटफिश तळाशी उताणा पडला होता. पाहुण्याची शेपटी तोंडाबाहेर, काटे घशात रुतलेले. दोघांचाही कारभार आटोपला होता. जन्मभर गिऱ्हाइकांचा घेर मोजला आणि बायकोच्या माशासाठी नुसती लांबी मोजली! शिंप्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळून ठेवली. फोन वाजला. "बाबा, जमलं का दोघांचं?" "जमलं गं. एकमेकांना सोडतच नाहीत."