त्र्याहत्तरची गाडी

"पाटी पिवळी हाय, रामनाथ," भागू म्हणाला. मोबाइल त्यानं परत दिला नाही.

चहाच्या टपरीवरची माणसं वाकून बघू लागली. फोटोत रामनाथचा मुलगा आदेश होता. इंग्लंडात, एका काळ्या गाडीला मागून टेकून उभा. खाली त्यानं 'नवी गाडी' असं लिहिलं होतं. गाडीची मागची नंबरप्लेट हळदीसारखी पिवळी होती.

"पिवळी पाटी म्हंजी भाड्याची गाडी," भागू म्हणाला. "सायेब तिकडं माणसं भरून वडाप मारतोय का काय राव?"

सगळे हसले. रामनाथनं मोबाइल ओढून घेतला, चहा तसाच ठेवला आणि पिंपरी पेंढारच्या फाट्यावर येऊन जुन्नरची गाडी धरली.

त्यानं स्वतः एकवीस वर्षं पिवळ्या पाटीची जीप चालवली होती. आळेफाटा ते ओतूर. नऊ माणसांच्या जागेत सोळा कोंबली होती, पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. जीप विकली त्या दिवशी याच टपरीवर तो बोलून गेला होता, माझ्या पोराच्या हातात भाड्याच्या गाडीचं स्टेअरिंग दिसलं तर माझं नाव बदला. आदेश कॉम्प्युटर कंपनीत आहे, हे तो बारा वर्षं गावाला सांगत आला होता. पोरगं खोटं बोलत असेल तर घरात विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. बायको, सरूबाई, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आई-लेकाचं रोज बोलणं व्हायचं. बापाच्या वाट्याला 'बरं हाय ना?' एवढंच यायचं.

जुन्नरात सत्तार पेंटरचं दुकान होतं. रामनाथच्या जीपचे नंबर त्यानंच रंगवलेले. त्याचा भाचा कैफ इंग्लंडात गॅरेजात कामाला होता, म्हणून सत्तारला तिकडच्या पाट्यांची माहिती होती.

"रामनाथभाऊ, तिकडं पुढची पाटी पांढरी, मागची पिवळी," सत्तार म्हणाला. "गाडी डॉक्टरची आसू दे न्हाईतर भंगारवाल्याची. भाड्याचा काय संबंध न्हाई."

रामनाथ बाकावर टेकला. सकाळपासून तो उभाच होता.

सत्तार रंगात आला. "पहिली दोन अक्षरं, गाडी कुठं नोंदली त्याची. मधले दोन आकडे तिच्या वयाचे. मार्चपासून नोंदली तर त्या सालाचेच आकडे. सप्टेंबरपासून नोंदली तर त्यात पन्नास मिळवायचे. शेवटची तीन अक्षरं नुसती, त्यांना अर्थ न्हाई." त्यानं फोटो मोठा केला. "हिच्यावर त्र्याहत्तर. पन्नास काढून टाक. तेवीस सालच्या सप्टेंबरनंतरची झाली. पोरगं नवी म्हणतंय, पन गाडी दोन वर्षांची हाय."

"जुनी घेतली आसंल," रामनाथ म्हणाला. त्याला उलट बरं वाटलं. पोरगं हात राखून खर्च करतंय.

दुकानाबाहेर येऊन त्यानं फोन लावला. आदेशकडे सकाळ होती.

"त्या भागूला आता दावतो," रामनाथ म्हणाला. "पिवळी पाटी तिकडं समद्यांनाच आसती. आन् तू जुनी गाडी घेतली, ते लई शानपन केलं. त्र्याहत्तरची हाय. मला समदं कळतंय."

पलीकडं गाडीचं दार लावल्याचा आवाज आला.

"जुनी नाय घेतली, आण्णा," आदेश म्हणाला. "कोरीच घेतली व्हती. दोन वर्षांपूर्वी."

"मंग मला आत्ता सांगतुयास?"

"तुमी फोटोसाठी मागं लागला म्हणून. तवाच कंपनीनं काढलं व्हतं मला. दुसरीकडं लागंना. मी टॅक्सीच चालवतो, आण्णा."

समोर एका रिक्षावाल्यानं प्रवासी बसवला, शीट भरलं आणि तो निघून गेला.

"आईला म्हाईत व्हतं," आदेश म्हणाला. "पहिल्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ लावून टॅक्सीतनं तिलाच फिरवलं. म्हणली, पहिलं शीट माझं. तुमी मळ्यात व्हता."

रामनाथला तो दिवस आठवला. तो मळ्यातून आला तेव्हा सरू ठेवणीतलं निळं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती. सण नाही, पाहुणा नाही. कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं होतं.

"जाऊन आले," ती म्हणाली होती.

रामनाथनं डोक्यावरची टोपी सारखी केली. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"व्हिडिओ लाव," तो म्हणाला. "आन् गाडी काढ."