उजव्या हाताची नाडी

अख्तरी खाला आमच्या शेजारी राहतात, उस्मानपुऱ्यात. वर्षानुवर्षं अंथरुणावर आहेत आणि कायम खुशीत असतात.

"खालाला आजारपणाचा लई शौक, मॅडम," त्यांची भाची झेबा म्हणते. तिच्या हृदयाची झडप जन्मतः खराब आहे. पण खालांकडे राहायला आल्यापासून तिला कसलाच त्रास नाही. आता तिला सातवा महिना लागलाय.

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. काल दुपारी सहज खालांची नाडी पाहिली. डाव्या मनगटात ती संथ होती, उजव्यात भरभर. एका हृदयाच्या दोन गती असू शकत नाहीत. मी पुन्हा पाहिली.

खाली फाटक वाजलं. झेबा जिना चढू लागली, तशी उजवी नाडी वाढत गेली आणि खाला धापा टाकू लागल्या.

झेबा आत आली. तिला दमही लागला नव्हता.

"झालं नाटक सुरू," ती हसत म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

"तिला सांगू नको, बेटा," खाला कुजबुजल्या. चेहऱ्यावर तेच समाधान. इतकं खंबीर माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मनगट सोडणार, तोच बोटांखाली आणखी एक नाडी लागली. बारीक, पोटातल्या बाळाच्या ठोक्यांसारखी वेगवान.

"ही कालपासून आलीय," खाला म्हणाल्या.