शिवणीतली माया

संध्याकाळी घरी येताच मुक्ताने अंगावरचे कपडे काढून कपडे छापणाऱ्या यंत्राच्या टाकीत टाकले. क्षणात ते विरघळले. उद्या सकाळी त्यातूनच नवे छापून निघणार होते. मग तिने आजीने आईसाठी शिवलेला खणाचा ब्लाउज उचलला. "आई, हाही टाकू का? तुला होत तर नाही. उद्याच्या लग्नाला यंत्र अगदी असाच देईल."

"आण इकडे," हेमांगी म्हणाली.

तिने ब्लाउज उलटा केला. आतली शिवण बाहेरच्याइतकीच रेखीव होती आणि तिच्यात दोन बोटं कापड दुमडलेलं होतं.

"हे चुकून जास्त झालंय?" मुक्ताने विचारलं. छापलेल्या कपड्यांना शिवणच नसे.

"याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर सैल करता यावं, म्हणून आजीने शिवतानाच ठेवली."

हेमांगीने आयुष्यात सुई धरली नव्हती. आजीच्या डब्यातली सुई घेऊन ती बसली, जुनी शिवण उसवली आणि थोडी माया सोडून नवी घालू लागली. बोटाला टोचलं, टाके वाकडे गेले. तिने ते उसवले आणि पुन्हा घातले. मुक्ता जेवायला हाका मारून थकली. अखेर शिवण सरळ आली, ब्लाउज अंगावर नीट बसला.

"पण थोडं कापड आत तसंच राहिलंय," मुक्ता म्हणाली.

"राहू दे. तुलाही लागेल कधीतरी."