नव्या झुडपाचं नाव

"शेंगेवरची लव तिरकी काढ. सरळ काढलीस तर जुनंच झुडूप वाटेल," प्राध्यापक म्हणाले.

"मला शिकवू नका," त्यांची बायको म्हणाली. "आणि मध्ये उभे राहू नका, उजेड अडतोय."

कड्यावर सापडलेलं हे पिवळ्या फुलांचं झुडूप वाटाण्याच्या कुळातलं होतं, पण त्याचं वर्णन जगात कुणीच केलेलं नव्हतं. फुलात नऊ पुंकेसर एकमेकांना चिकटलेले, दहावा फटकून. "हा दहावा म्हणजे तुम्ही," ती म्हणाली होती.

वर्णन ते लिहीत, चित्रं ती काढी. लग्नापासून असंच चाललं होतं. त्यांच्या झाडांना नावं मात्र मिळाली ती त्यांच्या गुरूंची, मामांची, अगदी जीपच्या वारलेल्या ड्रायव्हरचंसुद्धा. हिचं नाही.

कारण जिवंत माणसाचं नाव झाडाला द्यायचं नाही, हा प्राध्यापकांचा नियम. तरुणपणी एकदा विभागप्रमुखाचं दिलं, आणि पुढे तो लाच घेताना पकडला गेला. छापलेलं नाव परत घेता येत नाही. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता.

"मेल्यावर नाव मिळून मी काय करू? चाटू?" ती विचारायची. ते हसून विषय बदलायचे. तिला मनापासून राग यायचा. डोळे फोडून घ्यायचे हिने, आणि मान ड्रायव्हरला!

या खेपेला मात्र ती भांडलीही नव्हती. हल्ली जिना चढतानाच धाप लागायची, भांडायला दम कुठून आणणार? काल प्राध्यापक तिचे रिपोर्ट घेऊन आले. "रक्त कमी आहे, पालेभाज्या खा," एवढं बोलून न जेवताच लिहायला बसले. झुडपापुढे बायको कोण!

आज शेंग पुरी झाली. चित्राखाली घालायला तिने नाव विचारलं.

"तुझं," ते म्हणाले.

"थट्टा पुरे."

त्यांनी कागद पुढे सरकवला. खरंच तिचंच नाव होतं, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं, मग तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "अगं, दगडाला पाझर फुटला!"

फोन ठेवून ती त्यांच्या खुर्चीमागे आली.

"छापून कधी येईल?"

"वर्ष तरी जाईल."

"जाऊ दे. इतकी वर्षं थांबलेच ना!" तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटी माझ्यासाठी मोडलात की नाही नियम?"

प्राध्यापकांनी भिंगावरचा डोळा काढला नाही.

"नाही," ते म्हणाले.